दिवा कोणत्या रंगाचा आहे?

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या दुमजली घरात दर रविवारी रात्री साडेआठ वाजता टीव्हीसमोर एक खुर्ची ओढून ठेवली जाते. घरात एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचे वय चौऱ्याहत्तर. मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात कॅनडात. तिकडे तेव्हा सकाळ असते, शाळेला सुट्टी असते आणि आठवड्यातील तो पाऊण तास आजी-नातीचा असतो. एका रविवारी ठरल्या वेळी नातीचा चेहरा पडद्यावर आलाच नाही. गोल फिरणारे चिन्ह थोडा वेळ फिरले आणि तेही थांबले. मावशींनी पुण्यातील भाच्याला फोन लावला. भाचा संगणक अभियंता नव्हे, एका करसल्लागाराच्या कार्यालयात हिशेबाचे काम पाहतो. परंतु नातेवाइकांत ‘त्याला त्यातले कळते’ असा लौकिक एकदा झाला, की तो पुसता येत नाही.

“मावशी, आधी राउटर बंद करून परत चालू कर.”

“राउटर म्हणजे टीव्हीखालचा काळा डबा ना रे?”

“हो, तोच.”

मावशींनी डबा बंद केला, चालू केला. फरक पडला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदाही केला. टीव्हीखाली काळे डबे दोन होते आणि मावशी दर वेळी मोठ्या निष्ठेने टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बंद-चालू करीत होत्या. हे उघडकीस येईपर्यंत बारा मिनिटे गेली आणि भाच्याचा आवाज थोडा चढला. खऱ्या राउटरजवळ वाकून मावशी म्हणाल्या, “इथं दोन-तीन हिरवे दिवे आहेत. एक लागलेला नाही. लाल एकही नाही.” हे वाक्य भाच्याच्या कानावरून गेले. तो तोवर पुढच्या उपायापाशी पोहोचला होता. “मागे एक बारीक छिद्र दिसेल. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धर.”

“टाचणी कशाला रे? त्यानं काय होतं?”

“अगं, सांगतोय तेवढंच कर ना!”

टाचणी सापडली नाही. चष्मा लावूनही छिद्र दिसले नाही. दोन क्षण शांतता झाली आणि मावशी म्हणाल्या, “राहू दे बाळा. तुझी जेवायची वेळ झाली असेल.”

मराठी घरांत ‘राहू दे’ या दोन शब्दांनी पुष्कळ काही झाकले जाते. ‘मला जमत नाही’, ‘तुला त्रास होतोय हे मला समजले’, ‘आता पुन्हा तुला विचारणार नाही’ हे सारे त्यात येते. त्यानंतर तीन दिवस मावशींचा फोन आला नाही. भाच्याच्या आईने, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीने, बुधवारी चौकशी केली तेव्हा कळले, की आपल्या हातून ते यंत्र बिघडले अशी मावशींची समजूत झाली होती. सकाळचे प्रवचन ऐकणे बंद होते. रविवारचा चुकलेला फोन ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून सोडून दिला होता. पस्तीस वर्षे चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवलेल्या बाईंनी एका डब्यापुढे हार मानली होती, आणि त्याला कारण डबा फारसा नव्हता.

चार टप्प्यांची वाट

‘नेट गेले’ ही तक्रार ‘पोटात दुखते’ या तक्रारीसारखी आहे. तिच्यावरून दुखणे कोठे आहे हे मुळीच कळत नाही. घरातील फोनवर इंटरनेट येते ते चार टप्पे ओलांडून, आणि प्रत्येक टप्प्याच्या खुणा वेगळ्या असतात.

पहिला टप्पा खात्याचा. कंपनीकडे पैसे भरलेले असले पाहिजेत आणि योजनेची मुदत संपलेली नसली पाहिजे. दुसरा टप्पा तारेचा. आता बहुतेक शहरांत खांबावरून किंवा गच्चीवरून घरात येते ती काचेची तंतुवाहिनी, म्हणजे फायबर. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाशाच्या रूपाने माहिती वाहते. कंपनीच्या केंद्राकडून निघालेला एक धागा वाटेत फोडून ३२ किंवा ६४ घरांना वाटून दिलेला असतो, त्यामुळे शेजारच्या घरातही त्याच कंपनीचे नेट बंद आहे का, ही चौकशी पुष्कळ काही सांगून जाते. तिसरा टप्पा भिंतीवरच्या किंवा टीव्हीखालच्या डब्याचा. हा डबा प्रकाशाचे विजेच्या संदेशात आणि पुढे रेडिओ लहरींत रूपांतर करतो. चौथा टप्पा हवेचा, डब्यापासून हातातील फोनपर्यंत. वायफाय म्हणतात ते खरे तर फक्त या शेवटच्या टप्प्याला. परंतु बोलण्यात सगळ्याच बिघाडाचे खापर ‘वायफाय’वर फुटते.

डब्यावरील दिवे हे या टप्प्यांचे साक्षीदार आहेत. निरनिराळ्या कंपन्यांच्या डब्यांत थोडाफार फरक असतो, तरी फायबरच्या डब्यावर सहसा ‘पीओएन’ आणि ‘एलओएस’ अशी अक्षरे असलेले दोन दिवे असतात. पीओएनचा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर तारेतून येणारा प्रकाश पोहोचतो आहे आणि केंद्राने डब्याला ओळखले आहे. तो लुकलुकत राहिला तर ओळख पटण्याचा प्रयत्न चालू आहे. एलओएसचा दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाही: तार कोठे तरी तुटली, उंदराने कुरतडली, दारात चेपली किंवा कपाट सरकवताना फार वाकली. काचेचा धागा तीव्र वळण सहन करीत नाही. लाल दिवा दिसला की घरातील सर्व प्रयोग थांबवून कंपनीच्या माणसाला बोलवावे हेच शहाणपण. एक सूचना मात्र आवर्जून: निघालेल्या तारेच्या टोकाला डोळा लावून ‘उजेड येतोय का’ हे कोणीही पाहू नये. तो प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही आणि तरीही डोळ्यांना अपाय करू शकतो.

आता मावशींचे ते दुर्लक्षित वाक्य पुन्हा वाचावे. लाल दिवा नाही, हिरवे आहेत, एक लागलेला नाही. म्हणजे तार ठीक, डबा जिवंत, संशय खात्यावर. रविवारी रात्री, पहिल्याच वीस मिनिटांत, निदान मावशींनीच सांगून ठेवले होते.

जमाखर्चाचे काम करणाऱ्यांना एक जुनी खूण ठाऊक असते. तेरीज जुळत नसेल तर सगळी चलने पुन्हा तपासायला बसत नाहीत. आधी फरकाच्या रकमेकडे पाहतात. फरकाला नवाने नि:शेष भाग गेला, तर कोठे तरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी असा अंदाज बांधतात. ५४ च्या जागी ४५ लिहिले की फरक नऊ. चूक स्वतःच आपला पत्ता सांगत असते. हे रोज करणारा भाचा राउटरपुढे मात्र ते विसरला. दूर बसलेल्या माणसाला काही दिसत नसते, म्हणून तो ठाऊक असलेले उपाय एकामागून एक फेकत जातो.

टाचणी सापडली नाही हेही एका अर्थी बरेच झाले. बंद-चालू करणे आणि त्या छिद्रातील बटण दाबणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू केली तर डब्याची गोंधळलेली स्मृती ताजी होते, दोन-तीन मिनिटांत दिवे पूर्ववत होतात आणि काहीही हरवत नाही. छिद्रातील बटण दीर्घकाळ दाबले तर डबा कारखान्यातून निघाला तेव्हाच्या अवस्थेत जातो. वायफायचे नाव, पासवर्ड आणि अनेकदा कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाते. मग घरातील फोन, टीव्ही, दारावरचा कॅमेरा सारेच अनोळखी होतात आणि तंत्रज्ञ घरी येईपर्यंत वाट पाहावी लागते. दुरून मदत करणाऱ्याने त्या छिद्राचे नावही काढू नये.

भिंती, कपाटे आणि ‘५जी’

चौथ्या टप्प्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण जुन्या घरांत खरी रड तिथेच असते. नेट ‘आहे पण पुढच्या खोलीत नाही’, ‘दुपारी चालते, रात्री अडखळते’ या तक्रारी बहुधा हवेच्या टप्प्यातील असतात.

वायफायसाठी मुख्यतः दोन पट्टे वापरले जातात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यासाठी भारतात २००५ साली परवान्याची अट काढून टाकण्यात आली आणि त्यामुळे घरोघरी असे डबे बसवणे सोपे झाले. २.४ च्या लहरी भिंतीतून तुलनेने बऱ्या जातात, लांबवर पोहोचतात. पण वेग कमी आणि गर्दी फार. शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथची यंत्रे, काही बिनतारी घंटा सारे तिथेच. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, म्हणून ती सुरू असताना स्वयंपाकघरातील फोन अडखळतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग नेहमीच्या मांडणीत तीनच असतात: १, ६ आणि ११. दहा बिऱ्हाडांच्या इमारतीत दहाही डबे या तीन मार्गांवरून बोलू पाहतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आणि वेगवान, पण त्याच्या लहरी जाड भिंतीपुढे लवकर दमतात.

अनेक डबे या दोन पट्ट्यांना दोन नावे देतात आणि दुसऱ्या नावापुढे ‘५जी’ असे जोडतात. त्यामुळे ज्येष्ठांची पुरती फसगत होते. मोबाइलचे ५जी म्हणजे पाचवी पिढी. राउटरच्या नावातील ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. दोहोंचा काही संबंध नाही. ‘माझा फोन ५जी नाही, म्हणून मी ते घेत नाही’ असे म्हणून चांगला वेग नाकारणारे आहेत, आणि ‘५जी’ म्हणजे चांगलेच या समजुतीने तीन भिंतींपलीकडच्या खोलीत तेच नाव धरून बसणारेही आहेत. डब्याच्याच खोलीत ५, लांबच्या खोलीत २.४, एवढे सांगितले तरी निम्मी कुरकुर थांबते.

मावशींच्या घराच्या भिंती दगडमातीच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. तशात डबा जमिनीलगत, टीव्हीच्या मागे, बाजूला लोखंडी कपाट. धातू लहरींना परतवतो, पाणी त्या शोषून घेते. स्टीलच्या भांड्यांची मांडणी, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे सारे वाटेतले अडथळे. यावर नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी करायचा उपाय फुकटचा आहे: डबा माणसाच्या छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी, शक्यतो घराच्या मध्याकडे आणावा. मात्र पिवळी किंवा पांढरी फायबर तार त्यासाठी ओढू नये. ती पुरत नसेल तर लांब करून देणे कंपनीच्या माणसाचे काम.

तपासणीही सोपी आहे. फोन घेऊन डब्यापासून दोन पावलांवर उभे राहावे. तिथे नेट चालले आणि शेजघरात चालले नाही तर हवेचा दोष. तिथेही चालले नाही तर दोष आधीच्या टप्प्यांत. घरातील दुसऱ्या फोनवर चालते आणि एकावरच चालत नाही, तर दोष त्या फोनचा. कित्येकदा नकळत बोट लागून विमानाचे चिन्ह उमटलेले असते, एवढेच.

ऐकण्याची रीत

गुरुवारी संध्याकाळी भाच्याने पुन्हा फोन केला. या वेळी समोर कागद-पेन्सिल होती. त्याने साधा फोन केला, व्हॉट्सअॅपवरून नव्हे. ज्या वायफायची चिकित्सा करायची त्याच्यावरून बोलत राहिले, तर डबा बंद करताच बोलणेही तुटते आणि पलीकडची व्यक्ती आपल्याच हातून काही बिघडले म्हणून घाबरते. काही मोबाइल साधा फोनही गुपचूप वायफायवरून नेतात. म्हणून ‘मध्येच आवाज गेला तर घाबरू नकोस, मी पाच मिनिटांनी परत लावतो’ असे आधीच सांगून ठेवलेले बरे.

“मावशी, मी रविवारी घाई केली. तू काही बिघडवलेलं नाहीस. आता मी काही सांगत नाही, तू मला सांग. डब्यापुढे खुर्ची घेऊन बस. फोन स्पीकरवर ठेव. चष्मा आहे?”

“आहे.”

“त्या डब्याला किती दिवे आहेत? डावीकडून एकेक वाच.”

मावशींनी वाचायला सुरुवात केली. पहिल्याचा रंग, त्याखालची अक्षरे, स्थिर की लुकलुकणारा. शिक्षिकेच्या आवाजातील तो जुना ठेहराव परत आला. तिसऱ्या दिव्याशी त्या थांबल्या. “याच्याखाली इंटरनेट असं लिहिलंय आणि हा लागलेलाच नाही. हे मी तुला रविवारीच सांगितलं होतं.”

“हो मावशी. सांगितलं होतंस.”

दूरच्या मदतीत नावे आधी ठरवून घ्यावी लागतात. ‘तो डबा’, ‘ती वायर’, ‘वरचं बटण’ या शब्दांना फोनवर काही अर्थ नाही. भाच्याने सुचवले आणि मावशींनी राउटरवर चिकटपट्टीने ‘नेट’ आणि दुसऱ्यावर ‘टीव्ही’ असे ठळक अक्षरांत लिहून लावले. फोनवर मोबाइलचा डेटा असेल तर डब्याच्या पुढचे आणि मागचे छायाचित्र मागवून घ्यावे. डब्याच्या तळाशी असलेल्या चिठ्ठीवर वायफायचे मूळ नाव आणि पासवर्ड असतो, तीही त्यात यावी. पासवर्ड फोनवर सांगण्याची वेळ आली तर मोठे अक्षर कोणते, लहान कोणते, शून्य की ओ, एक की एल हे स्पष्ट करून घ्यावे. ‘एस, सांगलीचा, मोठा’ असे म्हटले तर चूक होत नाही. आणि एका वेळी एकच कृती. ती झाली, काय दिसले ते ऐकले, मगच दुसरी. आदेशासोबत कारणही सांगावे: ‘आता वीज बंद करतोय, म्हणजे तो नव्याने सुरू होईल, यात काही पुसलं जात नाही.’ यात मिनिटभर अधिक जातो, पण पलीकडची व्यक्ती हातात विश्वासाने काम घेते.

“मावशी, नेटचे पैसे कोण भरतं?”

“तिकडून तोच भरतो, वर्षाचे एकदम. यंदाही भरले असतील की.”

“मुदत संपली की कंपनीचा संदेश येतो. तुला आला का?”

“माझ्या फोनवर कधीच येत नाही.”

“मग कोणाच्या फोनवर येतो?”

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. नेटची जोडणी काकांनी घेतली होती. खाते त्यांच्या नावावर, नोंदवलेला क्रमांक त्यांचा. काकांना जाऊन दोन वर्षे होत आली होती. त्यांचा फोन कपाटात, त्यांच्या पाकिटाशेजारी, बंद करून ठेवलेला होता. क्रमांक जिवंत राहावा म्हणून मुलगा तिकडून रिचार्ज करीत असे, पण तो फोन उघडण्याचे धाडस कोणी केले नव्हते.

त्या रात्री तो चार्जिंगला लावला गेला. सुरू होताच दोन-तीन संदेश लागोपाठ आले. योजनेची मुदत रविवारी दुपारीच संपली होती. भाच्याने पैसे भरले, खात्री करून घेणारा सांकेतिक अंक काकांच्या फोनवर आला, मावशींनी कंपनीचे नाव आणि कारण स्वतः वाचून मगच तो भाच्याला सांगितला. काही मिनिटांत डब्यावरचा तिसरा दिवा लागला.

‘सांगतोय तेवढंच कर’

तो सांकेतिक अंक फोनवर सांगितला गेला, या ठिकाणी वाचकांपैकी अनेकांच्या मनात पाल चुकचुकली असेल, आणि ती चुकचुकलीच पाहिजे. घरच्या माणसालाही तो सांगावा लागू नये हेच उत्तम. मावशींच्या घरी तसे झाले, कारण फोन भाच्याने ओळखीच्या क्रमांकावरून केला होता आणि संदेशात काय लिहिले आहे ते मावशींनी आधी पूर्ण वाचले होते. तरीही ही सवय होऊ देण्यासारखी नाही.

आणि याहून मोठी एक गोष्ट आहे, जिचा विचार घराघरांतील हे हौशी तंत्रज्ञ सहसा करीत नाहीत. रविवारी भाचा जे म्हणाला, ‘सांगतोय तेवढंच कर’, तेच शब्द त्याच स्वरात फसवणारा माणूसही म्हणतो. ‘तुमच्या जोडणीचे केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री नेट बंद होईल, सांगतो तसे करा.’ जी व्यक्ती आपल्या भाच्याच्या तोंडून वर्षानुवर्षे कारण न विचारता हुकूम पाळायला शिकली आहे, ती परक्याच्या हुकमालाही हात जोडते. टाचणी कशाला, असे मावशींनी विचारले होते. त्या प्रश्नाने त्यांची बचत सुरक्षित राहते, आणि तोच प्रश्न रविवारी दडपला गेला होता.

पडदा दुरून पाहता आणि चालवता येणारी साधने आहेत. विंडोज १० पासून ‘क्विक असिस्ट’ संगणकात असते. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क ही नावे परिचित आहेत. साधने वाईट नाहीत, दूरच्या मुलांना त्यांचा उपयोग होतो. मात्र याच पद्धतीच्या साधनातून फोनचा ताबा घेऊन खात्यातील पैसे काढले जात असल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचे नाव घेऊन बँकांना सावध केले होते. म्हणून नियम कडक असावा. आपण होऊन केलेल्या फोनवर, आपल्याच माणसाला, आणि तेही बँकेची सर्व ॲप बंद करून, एवढ्यापुरताच पडदा दाखवावा; काम झाले की ते साधन काढून टाकावे. समोरून आलेल्या फोनवर, मग तो कितीही नम्र असो, काहीही उतरवून घेऊ नये. नेट बंद पडल्यावर घाईघाईने ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधणे हीसुद्धा अशीच निसरडी वाट आहे, कारण खोटे क्रमांक तिथे पेरलेले असतात. क्रमांक घ्यावा तो बिलावरून किंवा डब्यावरच्या चिठ्ठीवरून. आणि फसवणूक झालीच तर लाज, संकोच बाजूला ठेवून ताबडतोब १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लावावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

वहीचे एक पान

बँकेत एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला कार्यभार देताना किल्ल्या, नोंदवह्या, शिल्लक सारे लिहून सोपवण्याची रीत आहे. घरात मात्र कर्त्या माणसासोबत सगळा कार्यभार निघून जातो. विजेचे बिल, गॅसची नोंदणी, नेट, बँक यांना जोडलेला मोबाइल क्रमांक त्याचा एकट्याचा असतो. पूर्वभरणा क्रमांक ९० दिवस वापरला गेला नाही तर तो बंद होऊ शकतो, आणि कालांतराने तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग बँकेचे सांकेतिक अंक एका अनोळखी माणसाच्या खिशात वाजू लागतात. नेटच्या निमित्ताने ही बाब उघड झाली हे मावशींच्या घरी चांगलेच झाले.

पुढच्या महिन्यात भाचा सांगलीला गेला. बँकेत अर्ज देऊन खात्याला मावशींचा क्रमांक जोडला. नेट कंपनीत मृत्यूचा दाखला आणि मावशींची ओळखपत्रे देऊन जोडणी त्यांच्या नावावर करण्याचा अर्ज केला. याची रीत कंपनीनुसार बदलते. काही ठिकाणी जुनी जोडणी बंद करून नवीच घेणे सोपे पडते. राउटर कपाटाशेजारून काढून जिन्याच्या कोनाड्यात, उंचावर बसवला. विजेच्या लपंडावासाठी छोटी बॅटरी जोडली, म्हणजे वीज गेली तरी रविवारचे बोलणे अर्ध्यावर तुटू नये. राउटरच्या आतील पान उघडण्यासाठी असलेला मूळ पासवर्ड बदलला. आणि बदललेला पासवर्ड स्वतःच्या फोनमध्ये नेण्याऐवजी तो मावशींपुढे वही ठेवून म्हणाला, “तूच लिही.” मदत करणारा पुष्कळदा हे उलटे करतो, पासवर्ड त्याच्याकडे, घर मात्र दुसऱ्याचे.

मावशींनी जुन्या शाळेच्या दैनंदिनीतील कोरे पान काढले, पट्टीने समास आखला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिले. नेट कंपनीचा ग्राहक क्रमांक. वायफायचे नाव आणि पासवर्ड, मोठी अक्षरे अधोरेखित. योजनेची शेवटची तारीख, तांबड्या शाईत. भागातील तंत्रज्ञाचा मोबाइल क्रमांक. दिव्यांची नावे डावीकडून उजवीकडे, प्रत्येकापुढे ‘ठीक असताना’ असा रकाना. राउटर बंद करून किती वेळ थांबायचे. मागच्या छिद्राला हात लावायचा नाही.

भाच्याने पान वाचून परत दिले आणि विचारले, की आता सगळे नंबर तुझ्या नावावर झाले आहेत, तर काकांचे सिम बंद करायचे का? मावशींनी उत्तर दिले नाही. वही पुन्हा ओढून घेतली आणि सर्वांत खाली आणखी एक ओळ लिहिली.

ह्यांचा फोन – दर महिन्याच्या १ तारखेला चार्ज करणे.